माखलेली धाव

ओझरमाथ्याच्या माणसाला त्याच्या टायरची तब्येत विचारा. तो खाली चाकाकडं बघणार नाही, वर काचेकडं बघेल. काचेच्या कोपऱ्यात हिरवी टिकली दिसली की त्याचं काम झालं. मग तो पान जमवतो, आरशात मिशी न्याहाळतो आणि घाटाला लागतो. वैजयंता लोहार अशा माणसांना 'टिकलीवाले' म्हणायची. गेल्या सात वर्षांत अख्खं गाव टिकलीवालं झालं होतं.

घाटाच्या तोंडाशी तिचं टायरचं दुकान. पूर्वी तिथं सासऱ्याचा भाता होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तो लोखंडी पट्टा तापवून चढवायचा. त्या पट्ट्याला धाव म्हणतात. पुढं नवऱ्यानं भाता मोडून हवेचं मशीन बसवलं. नवरा गेला, मशीन राहिलं, वैजयंता राहिली. छप्पन्न वर्षांची, उंच, सडसडीत बाई. दोन्ही तळहात रबरासारखे काळे आणि रबरासारखेच जाणते.

ती टायर हातानं वाचायची. सकाळी, गाडी थंड असताना, तळवा नक्षीवरून आतून बाहेर न्यायचा, मग बाहेरून आत. एकीकडून मऊ आणि दुसरीकडून कुसळासारखं टोचलं, तर चाक तिरकं चालतंय. मधोमध झिजलं, तर हवा जास्त. दोन्ही कडांना झिजलं, तर हवा कमी. बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल, तर त्या टायरला रस्ताच दाखवायचा नाही. मग त्या भिंतीवरचे चार आकडे वाचायचे, टायर कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात जन्मलं ते त्यात असतं. म्हातारं रबर दिसायला धडधाकट असलं तरी आतून वाळलेलं असतं. शेवटी डिकी उघडून स्टेपनी बघायची, कारण स्टेपनी ही माणसाला फक्त संकटात आठवते. एवढं सगळं ती दहा मिनिटांत करायची, आणि करताना ओठांत काहीतरी गुणगुणायची. आता कोणी तिला ते करू देत नव्हतं.

कारण सजग टायर आलं होतं. आणि ते घेऊन आला होता तिचाच जावई.

शार्दूल सुतार त्या कंपनीचा विभागीय अधिकारी. लग्नाआधी मुलगी बघायला आला, तेव्हाच त्यानं बाजेवर टायरचा एक कापलेला तुकडा ठेवला होता. आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतात.

"मामी, हे सात काळे ठिपके दिसतात? हे धागे आहेत. कार्बनचे, केसाहून बारीक. एकाखाली एक, दर मिलिमीटरला एक. त्यांतून अगदी थोडी वीज फिरते. टायर रस्त्यावर दबतं आणि सुटतं, त्यातूनच ती तयार होते आणि साठते, वेगळी बॅटरी लागत नाही. रबर झिजत जाईल तसा वरून एकेक धागा तुटतो. धागा तुटला की त्याची वीज बंद. किती धागे जिवंत आहेत हे टायर स्वतः मोजतं आणि सांगतं."

"कुणाला सांगतं?"

"गाडीला. आणि घाटाच्या नाक्याला."

वैजयंतानं तुकडा उलटासुलटा केला. "आणि मला?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?" शार्दूल म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढं कायदाच झाला. पाच ते सात धागे जिवंत असतील तर टिकली हिरवी. मग नाक्यावर गाडीचा ताबा घाटाच्या यंत्रणेकडं जातो आणि बारा किलोमीटरचा घाट ती सत्तरच्या वेगानं उतरवते. चालवणाऱ्यानं हातावर हात ठेवून बसायचं. दोन ते चार धागे असतील तर पिवळी, वेग तीस. त्याखाली लाल, फाटकच उघडत नाही. तीच टिकली टायरच्या भिंतीवरही लुकलुकते, बारीक, काजव्याएवढी. हाताच्या मताला कागदावर किंमत उरली नाही.

सात वर्षांत घाटात एकही गाडी दरीत गेली नव्हती. हे वैजयंतालाही ठाऊक होतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. एखादं टायर खोटं बोलताना सापडावं म्हणून ती टपून बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बाकावरून बघायची, आणि तिच्या बघण्यात एवढा तिरस्कार असायचा की नवखा माणूस गाडीतून उतरायचाच नाही.

तिच्याकडं उरला होता वर्षातला एक दिवस. खंडेनवमी.

शस्त्रं, अवजारं, गाड्या सगळीकडंच पुजतात. ओझरमाथ्याची रीत मात्र एक पाऊल पुढची. इथं धाव माखतात. लोखंडी पट्टा गंजू नये म्हणून जवसाच्या तेलात काजळी खलून त्याला लावायची, ही बैलगाडीच्या काळची चाल. लोखंड गेलं, रबर आलं, पण धाव माखायची चाल सुटली नाही. इतर गावं टायरच्या नुसत्या बाजू काळ्या करतात. ओझरमाथा रस्त्याला टेकणारा भागसुद्धा माखतो, खाचाखाचांतून, ब्रश घालून. त्याशिवाय दसऱ्याला घाट उतरून देवीच्या जत्रेला जायचं नाही. ते गावाचं सीमोल्लंघन. आणि माखण करणार लोहाराच्या घरची बाई, दुसरी कोणी नाही.

वैजयंता पणतीवर पालथं झाकण धरून काजळी जमवायची आणि सासूनं दिलेली ओवी म्हणायची:

*धावंला लाविते गं, काजळ बोटभरी*
*वाट वळणाची बाई, जपून चाल तरी*

अलीकडं बाजारात फवाऱ्याचं पॉलिश आलं होतं, आरशासारखं चमकणारं. आपलं माखण त्याच्यापुढं मळकं दिसतं हे तिला खुपलं. यंदा तिनं पेन्सिलीच्या कारखान्यातून शिशाची भुकटी आणली, वस्त्रगाळ केली आणि काजळीत खलली. काय चकाकी आली. ओल्या जांभळासारखी. नवमीला दिवसभर रांग लागली. दोनशे चौदा गाड्या तिनं माखल्या, स्वतःच्या हातानं, आणि माखता माखता प्रत्येकाच्या टायरवर बोलून घेतलं.

सगळ्यात आधी आला होता नजीर मुलाणी. बासष्ट वर्षांचा जीपवाला, जत्रेला झेंडू पोचवणारा. माखणाला त्याचा नंबर पहिला, हे तीस वर्षांचं ठरलेलं.

"नजीरभाई, टायर आहे का खरबुजाची साल? बदला की आता."

"पिवळी आहे, अक्का. तीसनं जातो. मला कुठं लग्नाचा मुहूर्त गाठायचाय?"

"तुमचा नाही, झेंडूचा मुहूर्त असतो."

"झेंडू तुझ्यापेक्षा जास्त दम धरतो," नजीर म्हणाला आणि तिनं त्याच्या चारही चाकांना दोन-दोन हात दिले.

दसऱ्याच्या दुपारी मुलगी आणि जावई जेवायला आले. पुरणपोळी झाली. तीन वाजता गाव घाट उतरणार होतं, त्यांच्याबरोबर हेही जाणार होते. ईश्वरी, तिची मुलगी, कालच येऊन आईकडून माखून नेलेल्या गाडीत पिशव्या ठेवायला गेली आणि हसत परत आली.

"आई, बघ ना. काल पिवळी टिकली होती, आज हिरवी झालीय. पूजा पावली."

वैजयंता हात पुसत बाहेर आली. सकाळी परतीची सर येऊन गेली होती, रस्ता अजून ओला होता. तिनं ईश्वरीच्या गाडीच्या पुढच्या चाकावर तळवा ठेवला. नक्षी कुठं आहे कुठं नाही अशी. कालही अशीच होती.

"ही गाडी आज घाटात घालू नका, जावईबापू. टक्कल पडलंय ह्याला."

शार्दूल दात कोरत उभा होता. पांढरा झब्बा, कपाळावर गंध. "मामी, सहा धागे दाखवतंय."

"काल किती होते?"

"तीन."

"मग रात्रीत तीन धागे व्याली का गाडी?"

ईश्वरी खुदकन हसली. शार्दूलनं काडी फेकली. "कंपनीनं गेल्या वर्षी रबराचं मिश्रण बदललंय. बारीक झीज आता ते स्वतः भरून काढतं. सावरणारं रबर. माहितीपत्रकात आहे."

"रबर म्हणजे केस आहेत का, परत उगवायला?"

"तुमच्या तळव्याला मिलिमीटर कळतो का, मामी?"

"नाही. खड्डा आणि सपाटी कळते. तुम्ही एकदा हात लावून बघा."

त्यानं आपल्या झब्ब्याकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, आणि फोन आला असं दाखवून आत गेला. चाकाला हात न लावता चाकावर पोट भरणारा माणूस. वैजयंताला त्याची किळस आली. आज ह्याला दाखवायचंच, असं ठरवून तिनं रॉकेलचा बोळा घेतला. माखण पुसलं की उघडं रबर दिसेल, मग दोन डोळे असलेल्या कोणालाही पटेल. तिनं एक चाक खाचाखाचांतून घासून काढलं.

टायरच्या भिंतीवरची हिरवी टिकली विझली. क्षणभर काहीच नव्हतं. मग पिवळी लागली.

बोळा हातात तसाच राहिला. वैजयंता शाळेत सातवीपर्यंतच गेली होती, पण सातवीच्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा पेन्सिलीला दोन्हीकडून टोक करून, तारा जोडून, दिवा लावून दाखवला होता. शिशातून वीज जाते. तुटलेल्या धाग्यांची टोकं खाचांत उघडी असतात. त्या खाचांत तिनं ब्रश घालून शिसं भरलं होतं. तुटलेले धागे तिच्या माखणानं जोडले गेले होते. टायर खोटं बोलत नव्हतं. त्याला जे जिवंत लागलं तेच ते सांगत होतं.

काल पिवळी होती. काल यंत्रानं जे सांगितलं तेच तिच्या तळव्यानं सांगितलं होतं, अगदी तेच.

शार्दूल बाहेर आला आणि तिनं, अजून काही विचार करायच्या आत, तोंड उघडलं.

"बघा. पिवळी झाली. उभ्या गाडीचं टायर झिजलं का?"

तो थबकला. चष्मा चढवून त्यानं काच बघितली, कंपनीनं दिलेल्या काचेच्या पाटीवर काहीबाही दाबलं. पुन्हा दाबलं. कान लाल झाले. "असं होत नाही," तो म्हणाला. "असं व्हायला नाही पाहिजे."

"झालं की."

ईश्वरी आईकडं बघत होती. लग्नानंतर लेकीच्या नजरेत आई म्हणजे एक जुनं, काळं, समजूत घालून ठेवायचं माणूस झालं होतं. आज ती नजर बदलली. "आई," ती हळूच म्हणाली, "तुझा हात खरा निघाला गं."

एवढ्यासाठी वैजयंता सात वर्षं टपली होती. ते आता मिळालं होतं, आणि एक शब्द बोललं की जाणार होतं. तिनं तो शब्द बोलायचं टाळलं. चुलीवर चहा ठेवला. साखर जास्त घातली. जावयाला कप देताना ती म्हणाली, "घ्या. यंत्राला चहा चालत नाही, माणसाला चालतो."

समोरून गाड्या जायला लागल्या होत्या. झेंडूच्या माळा, आंब्याची डहाळी, काळीभोर चाकं. एक, दोन, पाच. प्रत्येक चाकावर हिरवा काजवा. अकरावी गाडी, एक जीप, दुकानापुढं थांबली. नजीरनं मान बाहेर काढली. मागं झेंडूची पोती शिगोशीग.

"अक्का, म्हातारी नवरी झाली बघ माझी. हिरवी टिकली लावून बसलीय. चार वर्षांनी सत्तरनं जाणार आज. चकाकतंय का मागचं?"

मागच्या चाकाचं टक्कल तिला बाकावरून दिसत होतं.

"चकाकतंय," वैजयंता म्हणाली.

नजीरनं हॉर्न दिला आणि गेला.

चहा तिनं अर्धाच प्यायला. तिला वाटत होतं की आपण जिंकण्याची चव घेतोय, पण जिभेवर रॉकेल होतं. ओला रस्ता. बारा किलोमीटर. सत्तर. तो स्वतः चालवत असता तर वळणावर पाय तरी दाबला असता. ताबा त्याच्याकडं नव्हता. ज्या यंत्राकडं होता त्याला तिनंच फसवलं होतं. सात वर्षं ती ह्या सगळ्यांना टिकलीवाले म्हणत होती. टिकली तर तिनं लावली होती.

"जावईबापू, नाका बंद करा."

"काय?"

"टायरात दोष नाही. माझ्या माखणात शिसं आहे. तुमचे तुटलेले धागे त्यानं जोडलेत. मी पुसलं म्हणून पिवळी झाली."

शार्दूल तिच्याकडं बघत राहिला. आधी सुटकेचं हसू आलं, ते तिनं बघितलं, आणि मग त्याला पुढचं समजलं. "किती गाड्या?"

"दोनशे चौदा."

"मामी, मी नाका बंद केला तर कारण नोंदवावं लागतं. काजळीनं आमचं टायर फसतं, असं मी माझ्या हातानं लिहू?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "नोकरी जाईल माझी. एखादी सूचना पाठवतो. हळू चालवा म्हणून."

"चालवतंय कोण त्यात? कोणाला पाठवणार सूचना?"

"संध्याकाळपर्यंत रस्त्यावर घासून निघूनच जाईल ते."

"पन्नास-साठ किलोमीटरनं जाईल. घाट बाराचा आहे." ती उठून त्याच्या अगदी जवळ गेली. "तुम्ही मला अडाणी म्हणता ना मनातून? मी तुम्हाला काय म्हणते ते सांगू? राहू द्या. दाबा ते."

ईश्वरीनं नवऱ्याच्या हातातली पाटी घेतली आणि त्याच्यापुढं धरली. शार्दूलनं अंगठा टेकवला.

खाली नाक्याचं फाटक पडलं. घाटात उतरलेल्या गाड्या यंत्रणेनं होत्या तिथं, कडेला, एकामागं एक थांबवल्या. दहा थांबल्या. अकरावी सातव्या वळणावर आधीच थांबली होती, कठड्याला घासून, आडवी.

नजीर जिवंत होता. खुबा मोडला होता. नाक्यावरच्या रुग्णवाहिकेनं त्याला वर आणलं, तेव्हा वैजयंता नाक्यावर उभी होती. खालून येणारे सांगत होते की सातव्या वळणावर रस्ता दिसतच नाही, नुसता झेंडू. नजीरनं तिला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. दुखण्यानं असेल. तिनं तसं मानलं नाही.

फाटकापुढं अडलेलं गाव तोवर शिव्या द्यायला लागलं होतं. त्यांना जत्रा चुकल्याचं दुःख होतं. "लोहारणीनं काळं फासलं गावाला," एकजण म्हणाला, आणि कालच ह्याच माणसानं तिच्याकडून दोन हात जादा मारून घेतले होते. बादल्या आल्या, रॉकेल आलं, साबण आला. एकेक टिकली हिरव्याची पिवळी होत गेली. पिवळी झाली की मालक असा चेहरा करायचा, जणू कालपर्यंत त्याचं टायर नवं होतं आणि आत्ता कोणीतरी चोरून नेलं. वैजयंतानं सत्तावीस गाड्यांची चाकं धुतली. लोकांनी धुऊ दिली, आभार मानले नाहीत.

उन्हं उतरली तेव्हा शार्दूल पाटी घेऊन आला. झब्बा आता पांढरा राहिला नव्हता. चाकं त्यानंही धुतली होती.

"मामी, अहवाल भरायचाय. टायरशी छेडछाड, असा गुन्हा आहे. दुकानाला सील लागणार. पण शेवटचा एक रकाना आहे, छेडछाडीचं कारण. त्यावर शिक्षा ठरते." त्यानं पाटी वळवून दाखवली. तीन शब्द होते, एकाखाली एक: लाभ, द्वेष, अज्ञान. "मी अज्ञान दाबतो. दंडावर सुटेल. तुम्हाला शिशाचं माहीतच नव्हतं, हे मी साक्षीला सांगेन."

ते खरं होतं, आणि तो मनापासून सांगत होता. ईश्वरी मागं उभी होती. तिला अजून माहीत नव्हतं की आईला नेमकं केव्हा कळलं होतं.

"किती गाड्यांसाठी आहे हा रकाना?" वैजयंतानं विचारलं.

"सगळ्यांसाठी एकच."

"दोनशे तेरांना अज्ञान लिहा. नजीरभाईच्या गाडीला दुसरं लिहायला लागेल. तो माझ्यापुढं थांबला होता, तेव्हा मला कळून चुकलं होतं. त्यानं विचारलं. मी चकाकतंय म्हणाले."

ईश्वरीचा हात तोंडाशी गेला.

शार्दूल खाली बघत म्हणाला, "मामी, हे कोणी विचारलेलं नाही. आणि दोन शब्द दाबता येत नाहीत. एकच दाबता येतो."

"माहीत आहे," वैजयंता म्हणाली, आणि त्याच्या हातून पाटी घेऊन तिनं मधला शब्द दाबला.